आज्ञावली-लेखन आणि साक्षरता : एका रूपकाची परीक्षा

संगणकाची आज्ञावली लिहिता येणे ही यापुढील काळातील साक्षरता होय, हे विधान आता शिक्षणविषयक चर्चेत सिद्धान्ताप्रमाणे वावरू लागले आहे. भारताच्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाच्या उपक्रमांना स्थान दिले. एखादे रूपक धोरणात उतरले म्हणजे ते केवळ अलंकार राहत नाही. त्यावर वेळापत्रके आखली जातात आणि शिक्षक नेमले जातात. म्हणून या रूपकाचे मूळ आणि त्याची मर्यादा तपासणे अगत्याचे ठरते.

या विचाराचा सर्वांत समर्थ पुरस्कार सीमूर पॅपर्ट यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (1980) या ग्रंथात आढळतो. पॅपर्ट हे गणिती. जिनीव्हा येथे पियाजे यांच्या सहवासात काही वर्षे काढून ते अमेरिकेत आले. 1967 साली वॉलेस फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन प्रभृती सहकाऱ्यांसमवेत त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. पुढे या भाषेला ‘कासव’ येऊन मिळाले. मुलाने आज्ञा द्यावी आणि कासवाने चालत जाऊन रेघ ओढावी, अशी ही योजना.

ग्रंथातील एक उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. मुलाला चौकोन काढता येतो, त्रिकोणही काढता येतो. चौकोनावर त्रिकोण ठेवला की घर होईल, असा त्याचा सरळ हिशेब. प्रत्यक्षात छप्पर घराच्या आत उतरते. चौकोन पुरा करून कासव जेथे व ज्या दिशेस तोंड करून थांबले, तेथूनच त्रिकोणाला आरंभ झालेला असतो. येथे उत्तरावर फुली मारून गुण कापणारे कोणी नाही. मूल कासवाच्या जागी स्वतःला कल्पून चार पावले चालते, वळण कोठे चुकले ते हुडकते आणि आज्ञा दुरुस्त करते. चूक ही लाज वाटण्याची नव्हे, शोध घेण्याची वस्तू आहे, हा पॅपर्ट यांच्या विचाराचा गाभा होय, आणि तो आजही निस्तेज झालेला नाही. थोडे पुढे जा, थोडे वळ, हेच पुनःपुन्हा कर, एवढ्या आज्ञांतून वर्तुळ उमटते तेव्हा उच्च गणितातील एक कल्पना मुलाच्या पायांना कळलेली असते.

परंतु पॅपर्ट यांच्या अनुयायांनी येथून एक उडी घेतली. आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाची विचारशक्तीच सर्वांगाने सुधारते, असा समज रूढ झाला. न्यूयॉर्क येथील बँक स्ट्रीट महाविद्यालयात रॉय पी व मिडियन कर्लंड यांनी तो पडताळून पाहिला. वर्षभर ‘लोगो’ शिकलेल्या मुलांना, वर्गातील कामे कमीत कमी येरझारांत कशी उरकावीत, याची आखणी करावयास सांगितली. 1984 साली मांडलेला त्यांचा निष्कर्ष असा की, न शिकलेल्या मुलांहून ही मुले या कामात सरस ठरली नाहीत. अध्ययनाचे संक्रमण आपोआप घडून आले नाही.

या निष्कर्षाने साक्षरतेचे रूपक कोसळले, असे पुष्कळांस वाटले. वस्तुतः त्याने रूपकाला बळकटीच दिली. कारण अक्षरज्ञानाचीही कथा हीच आहे. सिल्व्हिया स्क्रिब्नर व मायकेल कोल यांनी लायबेरियातील वाई लोकांचा अभ्यास 1981 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वाई लोकांची स्वतःची लिपी आहे. ती शाळेत शिकवली जात नाही. आप्तमित्रांकडून शिकली जाते, आणि पत्रे लिहिण्यास व हिशेब ठेवण्यास वापरली जाते. शालेय शिक्षणापासून अलग काढलेल्या या साक्षरतेने अमूर्त विचाराची सर्वसाधारण शक्ती वाढलेली दिसली नाही. मात्र समोर नसलेल्या माणसाला एखादा खेळ समजावून देण्यासारख्या, पत्रलेखनाशी नाते असलेल्या कामांत हे लोक पुढे होते. लिपी मन घडवीत नाही; लिपीने जे व्यवहार केले जातात, ते मन घडवितात.

पॅपर्ट यांनी 1987 साली आपल्या टीकाकारांना दिलेल्या उत्तराचा रोखही याच दिशेने होता. यंत्राचा परिणाम काय, हा प्रश्नच त्यांना चुकीचा वाटे. यंत्राभोवती कोणती संस्कृती उभी राहते, हा त्यांच्या मते खरा प्रश्न. ‘माइंडस्टॉर्म्स’च्या अखेरीस त्यांनी ब्राझीलमधील सांबा नृत्याच्या शाळांचा दाखला दिला आहे, तो याच हेतूने. तेथे नवखे आणि निष्णात एकत्र नाचतात व एकत्र शिकतात. मात्र अशी संस्कृती सामान्य शाळेत कोणी व कशी उभारावी, याचे उत्तर ग्रंथ देत नाही. ही त्याची खरी उणीव होय. कासव सोपे होते म्हणून ते शाळांत गेले. सांबाची शाळा मागेच राहिली.

या पोकळीत शिक्षकाचे कार्य काय, यावर क्लार व कार्व्हर यांच्या 1988 च्या प्रयोगाने प्रकाश पडतो. त्यांनी मुलांना दोषशोधनाच्या पायऱ्या स्पष्टपणे शिकविल्या. तेव्हा संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांतील चुकाही मुले अधिक चांगल्या प्रकारे शोधू लागली. म्हणजे संक्रमण अशक्य नाही. ते घडवून आणावे लागते.

साक्षरतेचे रूपक स्वीकारावयाचे तर ते पुरतेपणी स्वीकारले पाहिजे. धुळाक्षरे गिरविणारा साक्षर नव्हे. पत्र आले तर वाचणारा, दस्तऐवजावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे ते पाहणारा तो साक्षर. आज्ञावलीचे शिक्षण मात्र बहुधा लेखनापासून सुरू होऊन लेखनातच संपते. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचावी, ती काय करील याचा अंदाज बांधावा, तीत कोणाची गृहीतके दडली आहेत हे विचारावे, असे वाचन त्यात क्वचितच असते. प्रवेशयाद्या, कर्जाचे अर्ज व शिधावाटप यांत आज्ञावलीचा वापर होतो, त्या समाजात ही त्रुटी किरकोळ नाही. अशा निर्णयापुढे प्रश्न विचारू न शकणारा सुशिक्षितही एका अर्थी अंगठाच उठवीत असतो.

बुद्धी तल्लख होईल वा नोकरी मिळेल, या आश्वासनांवर या विषयाचे समर्थन करण्याचे कारण नाही. तशी हमी अक्षरज्ञानानेही कधी दिली नव्हती. आपल्यावर चालणारी आज्ञा वाचता यावी आणि प्रसंगी ती दुरुस्त करता यावी, एवढाच या शिक्षणाचा रास्त दावा आहे. छप्पर घराच्या आत का उतरले, हे स्वतः चालून पाहणारे मूल त्या दाव्याच्या सर्वांत जवळ पोचलेले असते.