उच्च शिक्षणावरील सरकारी खर्च आणि जोतीराव फुले यांचे निवेदन

विद्यापीठांना सरकारी तिजोरीतून किती द्रव्य मिळावे, ही चर्चा निघाली की उभय पक्ष लोकमताचा हवाला देतात. एक पक्ष म्हणतो, लोकांना गावोगाव चांगल्या शाळा हव्या आहेत; मूठभरांच्या पदव्यांसाठी सर्वांच्या करांचा पैसा का वेचावा? दुसरा पक्ष विचारतो, विद्यापीठे दुबळी झाली तर त्या शाळांना शिक्षक कोठून मिळणार? जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनाचा आधार पहिल्या पक्षाला सोयीचा वाटतो. परंतु निवेदन समग्र वाचले असता तो आधार अर्धाच खरा ठरतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम पार्श्वभूमी. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानपद्धती घालून दिली आणि सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारीही सरकारवर टाकली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. खलित्यातील धोरणाची अंमलबजावणी कितपत झाली, हे तपासण्यासाठी पाव शतकानंतर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. फुले यांचे इंग्रजी निवेदन १९ ऑक्टोबर १८८२ चे आहे. त्याच्या आरंभी त्यांनी आपला शाळा चालविण्याचा अनुभव सांगितला असून अखेरीस स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी दिली आहे. ही ओळख केवळ औपचारिक नव्हे. कर भरणाऱ्या वर्गातून आलेला आणि सार्वजनिक पैशाचा कारभार जवळून पाहिलेला मनुष्य येथे बोलत आहे.

निवेदनाचा पूर्वार्ध सर्वपरिचित आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, हा त्यातील मुख्य आक्षेप. वर ओतलेली विद्या आपोआप खाली झिरपेल, या तत्कालीन सिद्धान्तावर फुले घाव घालतात. त्यासाठी ते तात्त्विक खंडनात शिरत नाहीत. साधा हिशेब मागतात. सरकारी खर्चाने शिकलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या घरी वा अन्यत्र अज्ञ देशबांधवांच्या मुलांसाठी वर्ग उघडले? या प्रश्नाला त्या काळी समाधानकारक उत्तर नव्हते.

येथवर वाचून पुस्तक मिटणाऱ्यास निवेदनाचा उत्तरार्ध अनपेक्षित वाटेल. उच्च शिक्षणासाठी सरकारने विपुल तरतूद केली आणि बहुजनांची उपेक्षा केली, अशी देशभर ओरड आहे, हे फुले नमूद करतात. पण ती ‘काही अंशी’ रास्त आहे, असे म्हणून तिला माप लावतात. ज्या वर्गांना लाभ झाला ते हे सहजी मान्य करणार नाहीत, असेही जाता जाता सुनावतात. आणि लगेच सांगतात की, सरकारने सध्याच्या स्थितीत उच्च शिक्षणाचे साहाय्य काढून घ्यावे, असे देशाचा कोणीही हितचिंतक म्हणणार नाही. शिक्षण अद्याप बाल्यावस्थेत असताना साहाय्य काढल्यास एकंदर शिक्षणप्रसारालाच अपाय होईल, हे त्यांचे कारण. उपेक्षित वर्गाच्या उन्नतीची चिंता सरकारने तितक्याच कळकळीने वाहावी, एवढीच त्यांची मागणी आहे. येथे लोकमत त्यांनी तुच्छ लेखलेले नाही, की डोक्यावरही घेतलेले नाही.

शिवाय ही मागणी केवळ भावनेवर उभी नाही. मागासलेल्या वर्गांना पुरेसे उत्तेजन मिळेल अशा शिष्यवृत्त्या असाव्यात, असे ते सुचवितात. खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठ प्रवेशपरीक्षेस बसू देते, तीच सवलत बी.ए., एम.ए. यांसारख्या पदव्यांनाही द्यावी, अशी त्यांची सूचना आहे. कॉलेजात जाणे अनेकांना अशक्य असते, हे त्यामागील निरीक्षण. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे बीज या सूचनेत आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दिशा तीच आहे, यात संशय नाही.

निवेदनाची उणीवही सांगितली पाहिजे. तिजोरी अपुरी असेल तेव्हा दोन्ही खर्चांची सांगड कशी घालावी, हे उच्च शिक्षणाच्या विवेचनात येत नाही. सुशिक्षितांनी समाजाचे ऋण फेडावे, ही अपेक्षा मुख्यतः त्यांच्या सदसद्बुद्धीवर सोपविली आहे. विद्यापीठ या संस्थेवर ते बंधन कसे यावे, याचा विचार तेथे नाही. ही उणीव पुढील काळानेही भरून काढली नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे उद्दिष्ट सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला तोच आकडा पुन्हा उच्चारावा लागला. दरम्यान १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. तेथे जो खर्च सरकार करीत नाही तो पालकाला करावा लागतो, आणि पालक शेतकरी असेल तर प्रसंगी जमीन विकून.

आजची करव्यवस्था १८८२ ची नव्हे. तरीही वस्तू व सेवा करासारखा अप्रत्यक्ष कर शेतमजूरही साबण घेताना भरतो, म्हणून फुले यांचा मूळ आक्षेप निकालात निघालेला नाही. हा आक्षेप विद्यापीठाचे अनुदान कापण्यासाठी वापरणे म्हणजे निवेदनाचा विपर्यास होय. पण अनुदान मागताना तो दडपणे, हाही विपर्यासच. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाची आणि रिक्त पदांची तक्रार आपण लोकांपुढे नेतो, ती न्याय्य आहे. मात्र लाभ झालेले वर्ग सहजी कबुली देणार नाहीत, हे फुले यांचे वाक्य आपल्यालाही लागू पडते. आपल्या विभागातील संशोधनाचा, ज्यांच्या करातून ते चालते त्यांना त्यांच्या भाषेत कोणता लाभ झाला, याचे उत्तर आपल्यापाशी तयार असेल, तरच लोकमत आपल्या बाजूचे आहे असे म्हणण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो.