भयानक रस आणि किशोरांची कादंबरी

चार-सहा किशोरवयीन मुले एखाद्या अनोळखी वास्तूत जाऊन पडतात. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तुटतो, परतीची वाट बंद होते, आणि आत जे काही दबा धरून बसलेले असते ते एकेकाला गाठू लागते. इंग्रजीत गेल्या काही दशकांत किशोर वाचकांसाठी जी भयकादंबरी विपुल प्रमाणात लिहिली गेली, तिचा हा ठरलेला सांगाडा होय. भाषांतराच्या आणि रूपांतराच्या वाटेने तो मराठीच्या दारातही येऊन उभा राहिला आहे. त्याच्याकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोनच रीती आढळतात. कोवळ्या मनावर भीतीचे संस्कार होऊ नयेत, असे शिक्षकवृत्तीचा वाचक म्हणतो; आणि भय ही केवळ इंद्रियांना चाळविणारी गोष्ट असल्याने तिची गणना वाङ्मयात करावयाचे कारण नाही, असे रसिक म्हणविणारा वाचक म्हणतो. पहिल्याला मुलांची काळजी आहे, दुसऱ्याला वाङ्मयाची. परंतु मुले ज्या जागेत कोंडली गेली त्या जागेचा विचार दोघांपैकी कोणीच करीत नाही.

या प्रकारच्या कादंबरीचे यशापयश भुतावर नव्हे, तर जागेवर अवलंबून असते, असे मला वाटते. ही जागा कोणी बंद केली, कशासाठी केली आणि कोणासाठी राखून ठेवली, या प्रश्नांना जिच्यापाशी उत्तर आहे ती कादंबरी वाङ्मयाच्या कक्षेत येते. जिच्यापाशी ते नाही ती वाचकाला चार वेळा दचकवते आणि विसरली जाते.

१

भयानक रसाच्या विभावांची भरताने केलेली यादी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, अरण्य आणि ओसाड घर ही तर तीत आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीत गुरुजनांचा किंवा राजाचा अपराध हेही भयाचे कारण म्हणून त्याने बसविले आहे. ओसाड घर आणि अपराध यांचे हे सान्निध्य मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. पुढे भयानकाचे तीन भेद सांगताना भरत व्याज, अपराध आणि वित्रासितक अशी नावे देतो. व्याजभय म्हणजे मुद्दाम आणलेले, कृत्रिम भय. अपराधभय म्हणजे घडलेल्या दुष्कृत्यातून उपजलेले भय. आणि वित्रासितक म्हणजे जिवाचा मूळचाच थरकाप. नाट्यप्रयोगाच्या संदर्भात केलेले हे भेद कादंबरीला लावताना त्यांचा अर्थ थोडा ताणावा लागतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही आजच्या किशोर भयकथेची पारख करण्यास ते उपयोगी पडतात. कारण तिचे बहुतेक अपयश असे आहे की, ती वित्रासितकावर आरंभ करते आणि वित्रासितकावरच थांबते; तिच्या भयाला अपराधाचे मूळ नसते.

२

बंद जागेत अडकलेल्या तरुणांची कथा आपल्याला परकी आहे, असा समज असेल तर तो काशीकडे पाहून दूर व्हावा. बाबू देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांनी ‘चंद्रकांता’ आणि तिच्यामागून ‘चंद्रकांता संतति’ या कादंबऱ्या काशीत राहूनच लिहिल्या. चकिया आणि नौगढ येथील जंगलांचे ठेके घेतल्यामुळे त्या रानांतून आणि पडक्या वास्तूंतून त्यांचे पुष्कळ हिंडणे झाले होते, आणि त्या हिंडण्याची पुंजी त्यांच्या तिलिस्मात उतरली आहे. तिलिस्म म्हणजे गुप्त दारे, फसवी दालने आणि चालत्या यंत्रपुतळ्यांनी भरलेली अशी वास्तू, की जिच्यात शिरणे सोपे आणि निघणे दुर्घट. विजयगढची राजकुमारी चंद्रकांता अशाच तिलिस्मात अडकते, आणि नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह तो तोडतो. ‘संतति’मध्ये त्याचे पुत्र इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह यांच्या वाट्याला पुन्हा तोच उद्योग येतो.

खत्रींच्या तिलिस्मात भूत नाही. तेथील चमत्कारांच्या मागे कारागिरी आहे, औषधी आहेत, ज्योतिषाचे गणित आहे. म्हणून हे व्याजभय होय. त्याचा शेवट विस्मयात होतो आणि भयानकाचे अद्भुतात रूपांतर होते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. अपार संपत्ती आहे, पण ती द्यावयास योग्य वारस नाही, असा पुरुष तिलिस्म बांधतो आणि पुढल्या पिढ्यांत केव्हातरी जन्मणाऱ्या एका वंशजासाठी तो बंद करून ठेवतो, असा खुलासा कादंबरीतच केलेला आहे. म्हणजे तिलिस्म हा सापळा दिसत असला तरी तत्त्वतः तो वारसा आहे. आत अडकणारा तरुण तेथे चुकून आलेला नसतो. ती जागा त्याचीच वाट पाहत असते. खत्रींच्या हजारो पानांच्या विस्तारात शैथिल्य आहे, पुनरुक्ती आहे, पात्रांच्या अंतरंगाचा तर फारसा पत्ताच नाही. तरी ही एक कल्पना त्यांनी अचूक हेरली, आणि तिच्या बळावर त्यांचा तिलिस्म आजही उभा आहे.

३

त्याच काशीत, पंचगंगेच्या जवळ, पेशव्यांच्या नावाशी जोडला गेलेला बालाजी घाट आहे. घाटावरील बालाजीच्या मंदिराशी निगडित असलेला एक प्रसंग कादंबरीतला नाही, पण कादंबरीकाराने ध्यानात ठेवावा असा आहे. शहनाईचे उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) लहान वयात आपले मामा अलीबक्ष यांच्या हाताखाली शिकत होते. मामांनी त्या मंदिरात वर्षानुवर्षे रियाज केला होता. भाच्यालाही त्यांनी तेथेच बसविले, आणि तेथे काही दिसले तर कोणापाशी बोलू नकोस, अशी ताकीद दिली. एके रात्री वाजविता वाजविता आपल्यासमोर एक दिव्य आकृती उभी राहिली आणि आपल्याला घाम फुटला, असे खाँसाहेबांनी पुढे अनेकदा सांगितले. घाबरलेल्या मुलाला तिने वाजवीत राहण्यास सांगितले आणि ती दिसेनाशी झाली. घरी येऊन मुलाने ती हकीकत मामांना सांगितली, तेव्हा त्याला चपराक बसली. कारण न बोलण्याचा दंडक मोडला होता.

या प्रसंगाच्या सत्यासत्यतेचा विचार येथे प्रस्तुत नाही. त्याची घडण मात्र पाहावी. किशोरवयाचा मुलगा, रात्रीची वेळ, ओस पडलेली वास्तू, अनाकलनीय दर्शन, मौनाची आज्ञा आणि आज्ञाभंगाची शिक्षा: भयकादंबरीचे सगळे साहित्य येथे हजर आहे. असे असूनही ऐकणाऱ्याला त्या मुलाची चिंता वाटत नाही. याचे कारण असे की, त्या जागेत त्याला बसविणारा मामा स्वतः त्या जागेतून गेलेला आहे. भय आहे, पण ते हाताला धरून दिलेले भय आहे, आणि त्याच्या पोटात विद्या आहे. वित्रासितकाला अर्थ कसा प्राप्त होतो याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

काशीचा हा मामा आठवला की पुण्याचा काका आठवल्यावाचून राहत नाही. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांना अठरा वर्षे नुकतीच पुरी झाली होती. ज्या काकाला त्यांनी त्याच वाड्यात नजरकैदेत ठेवले होते त्याच्याच पायांशी आश्रयासाठी ते धावले, असे परंपरा सांगते. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची कथा, रात्री वाड्यातून ऐकू येणाऱ्या हाकेची कथा, या साऱ्या लोकमानसाने मागाहून रचल्या असतील. पण त्या रचाव्याशा वाटल्या, यातच मराठी भयकल्पनेचे मर्म आहे. महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेली भुताची गोष्ट ही घरच्याच वास्तूत, घरच्याच वडीलधाऱ्यांकडून कोंडल्या गेलेल्या एका मुलाची गोष्ट आहे. भरताने गुरुजनांचा अपराध म्हटले ते धाकट्याने थोरांविरुद्ध केलेल्या अपराधाला उद्देशून. शनिवारवाड्याच्या कथेत तो क्रम उलटला आहे: अपराध थोरांचा, आणि भय धाकट्याच्या वाट्याला.

४

भाषांतरकाराला या भेदाची जाणीव शब्दांपाशीच होते. इंग्रजीत ‘हाँटेड’ असते ते घर. मराठीत ‘झपाटलेला’ असतो तो माणूस. आपल्याकडे घराला बाधा असते असे आपण म्हणतो खरे, पण ती बाधा भोगतो तो वंश. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो, ही समजूतही हेच सांगते की वास्तू स्वतः दुष्ट नसते. तिच्यात जे बोलले आणि केले जाते ते ती जतन करते. इंग्रजी कादंबरीतील घर आपापल्या बुद्धीने पाहुण्यांवर उलटते. तिचे वाक्य न् वाक्य शुद्ध मराठीत आणले तरी ते घर मराठी होत नाही. कारण आत शिरलेल्या मुलांचे त्या घराशी काही नातेच नसते.

नारायण धारप (१९२५–२००८) यांना हे कळले होते. त्यांनी स्टीफन किंग यांच्या कथा-कादंबऱ्यांच्या आधारे पुष्कळ लेखन केले, आणि त्याबद्दल त्यांना रूपांतरकार म्हणून बाजूस सारण्याची आपली प्रवृत्ती आहे. पण शीर्षकेच पाहावीत. किंग यांच्या १९८६ च्या कादंबरीचे नाव ‘इट’, केवळ एक सर्वनाम. ज्याला नाव नाही त्याचे भय त्या दोन अक्षरांत आहे. मराठीत ‘ते’ म्हटल्याने अंगावर काटा येत नाही. धारपांनी आपल्या कादंबरीचे नाव ठेवले ‘शपथ’. या एका बदलाने कादंबरीचे केंद्र राक्षसावरून मुलांच्या परस्परबंधनाकडे सरकले. मूळ कादंबरीतही थोरांनी डोळेझाक केलेल्या गावात सात मुलांनी घेतलेली शपथ हाच खरा गाभा आहे. धारपांनी तो मुखपृष्ठावर आणला. हे काम केवळ रूपांतरकाराचे नव्हे, समीक्षकाचेही आहे.

तसेच किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेचे. मरणोन्मुख आजीजवळ एकट्या राहिलेल्या मुलाच्या या कथेवरून धारपांनी ‘आजी’ लिहिली, आणि तिचा धागा पुढे ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात गेला. तेथे वाडा आहे, साखळदंडात ठेवलेली वृद्धा आहे, आणि सुवर्णमुद्रांचा लोभ आहे. विनायक तो लोभ बालपणी पाहतो, तारुण्यात स्वीकारतो, आणि आपल्या कोवळ्या मुलाला, पांडुरंगाला, त्या विवरात उतरावयास शिकवतो. शेवटी बाप जे देऊ करतो ते मुलगा नाकारतो, आणि तेवढ्यानेच त्याची सुटका होते. खत्रींच्या राजकुमाराने वारसा घेऊन तिलिस्म तोडला. पांडुरंग वारसा नाकारून तो तोडतो. या दोन टोकांच्या मध्ये किशोरांच्या भयकादंबरीला वावरावयास केवढे तरी क्षेत्र मोकळे आहे.

पण ते क्षेत्र मराठीत बव्हंशी रिकामे राहिले. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचेच उदाहरण घ्यावे. बालरंगभूमीसाठी त्यांनी ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण निर्माण केली, ती मुलांना घाबरवते आणि त्याच क्षणी हसवते. प्रौढांसाठी त्यांनी गूढकथा लिहिल्या; त्यांत हसण्याला जागा नाही. दोन्ही ठिकाणी त्यांचा अधिकार निर्विवाद होता. परंतु चेटकिणीला हसण्याचे वय सरले आणि गूढकथेतील प्रौढांची पापे अजून समजत नाहीत, अशा तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी मधली पायरी आपल्या वाङ्मयात जवळजवळ बांधलीच गेली नाही. त्या पायरीवर आपण भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उभा केला. तो कोंडला जातो आणि बुद्धीच्या व धाडसाच्या बळावर निसटतो. मोठा गोड मुलगा. पण त्याच्या संकटांचा त्याच्या कुळाशी संबंध नसतो.

५

भीतीने मुलांचे मन दुबळे होते, या आक्षेपाचे उत्तर आता देता येईल. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी प्रत्येकच मूल थोरांनी बांधलेल्या आणि थोरांनी बंद केलेल्या एखाद्या वास्तूत राहत असते. कोणत्या खोलीत जावयाचे नाही, कोणत्या आत्याचे नाव काढावयाचे नाही, कोणत्या जमिनीच्या वादाबद्दल विचारावयाचे नाही, हे त्याला न सांगता कळलेले असते. त्या मौनाची भीती त्याला कादंबरी वाचण्यापूर्वीच ठाऊक असते. चांगली भयकादंबरी त्या भीतीला जागा देते, आकार देते, आणि तिच्यातून बाहेर पडावयाचे तर काय घ्यावे आणि काय नाकारावे याचा विचार करावयास लावते. ती भीती नव्याने पेरीत नाही.

उलट, दूरच्या रानातील परकी झोपडी, तिच्यात शिरलेली परकी मुले आणि काही कारण नसताना त्यांच्या जिवावर उठलेले परके भूत, एवढीच सामग्री असेल, तर शिक्षकाचा आक्षेप खरा ठरतो आणि रसिकाचाही. अशा पुस्तकात भय असते, परंतु भयानक रस नसतो. म्हणून अशा कादंबऱ्यांची मराठी रूपांतरे पारखताना भाषेच्या सफाईपेक्षा आधी एवढेच विचारावे: या मुलांना येथे कोणी कोंडले, आणि तो त्यांचा कोण लागतो? मामा असो की काका, त्या प्रश्नाला नात्याचे उत्तर मिळाले, तर पुढले भूत कसेही असले तरी चालेल.