हिस्टेरेसिस : एक शब्द, अनेक विषय आणि आपला प्रबंध

संशोधनाची तयारी करताना तुम्ही वेगवेगळ्या विषयांतले शोधनिबंध वाचायला लागलात की काही शब्द सगळीकडे भेटतात. भौतिकशास्त्रात भेटलेला शब्द अर्थशास्त्रात दिसतो, तिथून समाजशास्त्रात आणि पर्यावरणशास्त्रात. आपल्याला वाटतं, शब्द तोच आहे म्हणजे अर्थही तोच असणार. पण दर वेळी तसं नसतं. आज अशाच एका शब्दाकडे जरा टीकाकाराच्या नजरेने बघू : हिस्टेरेसिस.

आधी शब्दाचं मूळ. 1881 च्या सुमारास स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स आल्फ्रेड युइंग टोकियोत शिकवत होते. लोखंडाच्या चुंबकीय गुणधर्मांवर काम करताना त्यांनी हा शब्द वापरात आणला. ‘मागे पडणे, उशिरा येणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतलेला आहे. कानाला सारखा वाटला तरी ‘हिस्टेरिया’च्या अर्थाशी याचा काही संबंध नाही.

आता लोखंडात काय होतं ते बघा. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र शून्यापासून वाढवत नेलं की लोखंड चुंबकीय होत जातं. मग क्षेत्र परत शून्यावर आणलं, तर लोखंडाचं चुंबकत्व शून्यावर येत नाही, काही शिल्लक राहतं. ते घालवायला उलट दिशेने क्षेत्र लावावं लागतं. जाण्याचा रस्ता एक आणि येण्याचा दुसरा, म्हणून आलेखात बंद फास तयार होतो. आपल्याकडे यासाठी फार चपखल म्हण आहे : सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. फरक एवढाच, की लोखंड सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या वर तापवलं तर त्याचा पीळसुद्धा जळतो!

पण गंमत अशी की युइंग यांनी शब्द निवडला ‘उशिरा’चा आणि घटना सापडली ‘आठवणी’ची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. उशीर म्हणजे काय, तर परिणाम कारणाच्या मागून येतो; तुम्ही सावकाश गेलात किंवा थोडं थांबलात की तो कारणाला गाठतो. फास बारीक होत जातो आणि शेवटी मिटतो. आठवणीचं तसं नाही. क्षेत्र कितीही हळू बदला, प्रयोगशाळेत मोजता येईल अशा काळात फास शिल्लकच राहतो. प्रत्यक्षात पुष्कळ पदार्थांत दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, हे खरं. म्हणून तर त्या वेगळ्या करून दाखवणं हे संशोधकाचं काम आहे. हिंदीत ‘शैथिल्य’ हा पर्याय रुळला आहे. मला तो पटत नाही, कारण त्यात सैलपणा येतो, आठवण येत नाही.

अभियांत्रिकीत हा शब्द सर्वात स्वच्छ वापरला जातो असं माझं मत आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हा फास फिरवते आणि फासाच्या क्षेत्रफळाएवढी ऊर्जा दर फेरीला उष्णता होऊन वाया जाते. म्हणून गाभ्यासाठी अरुंद फासाचं सिलिकॉनयुक्त पोलाद घेतात. उलट कायमच्या चुंबकाला रुंद फास लागतो. काही ठिकाणी तर हिस्टेरेसिस मुद्दाम घालतात. समजा एसी 24 अंशांवर ठेवला आणि तो बरोबर 24 लाच सुरू आणि 24 लाच बंद होत राहिला, तर कॉम्प्रेसरची वाट लागेल. म्हणून बंद होण्याचं तापमान थोडं खाली आणि सुरू होण्याचं थोडं वर ठेवतात. इलेक्ट्रॉनिक्समधलं श्मिट ट्रिगर हे सर्किटही याच कल्पनेवर चालतं. ऑटो श्मिट यांनी ते 1934 मध्ये शोधलं, तेव्हा ते पदवीनंतरचे विद्यार्थी होते आणि स्क्विडच्या मज्जातंतूंवर काम करत होते. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच.

आता अर्थशास्त्र. 1970 च्या दशकानंतर युरोपात बेरोजगारी वाढली आणि मंदीचे धक्के ओसरल्यावरही खाली येईना. 1986 मध्ये ऑलिव्हिए ब्लँशार आणि लॉरेन्स समर्स यांनी यासाठी हिस्टेरेसिस हा शब्द वापरला. त्यांचं एक स्पष्टीकरण असं : नोकरीत टिकलेले लोक स्वतःपुरती वेतनाची वाटाघाटी करतात, बाहेर फेकल्या गेलेल्यांचा विचार त्यात होत नाही आणि बेरोजगारी नव्या पातळीवर रुतून बसते. निरीक्षण महत्त्वाचं होतं, यात वाद नाही. पण पुढे या शब्दाचा सांख्यिकी अर्थ ‘युनिट रूट’ असा होऊन बसला, म्हणजे प्रत्येक धक्का मालिकेत कायमचा राहतो. रॉड क्रॉस यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी यावर आक्षेप घेतला, आणि मला तो बिनतोड वाटतो. युनिट रूटच्या साध्या मॉडेलमध्ये पाच एककांचा धक्का वर दिला आणि तेवढाच खाली दिला, तर तुम्ही मूळ जागी परत येता. लोखंडात समान आणि उलट धक्के देऊन तुम्ही मूळ जागी येत नाही. शिवाय युनिट रूटला प्रत्येक लहानमोठा धक्का आठवतो. लोखंडात मोठा धक्का आधीच्या लहान धक्क्यांच्या खुणा पुसून टाकतो. नाव एक, पण गणितं दोन!

समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू यांनी हा शब्द सवयी आणि परिस्थिती यांच्यातल्या विसंगतीसाठी वापरला. माणसाचं वळण जुन्या परिस्थितीत घडतं, परिस्थिती बदलते, वळण मागे राहतं. 1979 च्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात पदव्यांची किंमत घसरल्यावरही लोक त्यांच्याकडून जुनीच अपेक्षा ठेवतात, याची चर्चा आहे. पीएचडीच्या रांगेत उभं राहून हे वाचताना जरा टोचतं. इथे ना फास आहे ना अक्ष, तरी मी या वापराला चूक म्हणणार नाही. तो ग्रीक मुळाच्या, म्हणजे उशिराच्या, जवळ आहे आणि लोखंडापासून लांब. तक्रार आहे ती नंतरच्या लेखनाबद्दल, जिथे कुठल्याही जुन्या सवयीला हिस्टेरेसिस म्हणून मोकळे होतात. जुनी परिस्थिती कोणती, ती कधी बदलली, वळण कोणाचं, हे सांगितलं नाही तर तो शब्द नुसता दागिना ठरतो.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला काढायचा? कारण यावर निर्णय अवलंबून असतात. उथळ तलावाचं उदाहरण घ्या. त्यात फॉस्फरस वाढत गेला की एका टप्प्यावर पाणवनस्पती नाहीशा होतात आणि पाणी गढूळ, हिरवं होतं. मार्टेन शेफर आणि इतरांनी या बदलाचा सविस्तर अभ्यास केला आहे. हा नुसता उशीर असेल, तर फॉस्फरस जुन्या पातळीवर आणून वाट बघणं पुरेसं आहे. हिस्टेरेसिस असेल, तर पाणी जिथे गढूळ झालं त्या पातळीच्या बरंच खाली जावं लागतं किंवा गाळ ढवळणारे मासे काढण्यासारखा वेगळा धक्का द्यावा लागतो. बेरोजगारीचंही तेच. ‘थांबा, होईल ठीक’ हा सल्ला उशिराला लागू पडतो. पीळ बसला असेल तर नुसतं थांबून काही होत नाही, आणि तोवर माणसांची वर्षं जातात.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, कारण मूळ जागी आणल्यावर परिणाम किती शिल्लक राहतो? दोन, बदल आणखी सावकाश केला तर फास मिटतो का? तीन, ही आठवण नेमकी कुठे साठते : लोखंडाच्या सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रांत, तलावाच्या गाळात, की वेतनाच्या करारात? तिन्हींची उत्तरं असतील तर बिनधास्त लिहा. पहिल्याचंच असेल तर ‘परिणाम टिकून राहिला’ असं साधं मराठीत लिहा. त्याने प्रबंध हलका होत नाही. आणि बोर्द्यूंसारखा रूपक म्हणून वापरणार असाल, तर तसं पहिल्याच प्रकरणात सांगून टाका. व्हायव्हात परीक्षक बहुधा अशाच शब्दावर बोट ठेवतात, जो आपण शीर्षकात घेतलेला असतो आणि ज्याची व्याख्या कुठेच केलेली नसते.