नखायुधांची समाजरीत : ‘पंचतंत्रा’तील बिबट्या

प्राचीन प्राणिकथांतील पशुसमाज हे मानवी राजसभेचे रूपक मानले जाते. परंतु त्या समाजाच्या रूढी कोणाचे रक्षण करतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘मित्रभेद’ तंत्रातील क्रथनक उंटाची कथा या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

बिबट्या, कावळा व कोल्हा हे मदोत्कट सिंहाचे अनुचर. तांड्यापासून चुकलेल्या उंटाला सिंह अभय देतो. पुढे हत्तीशी झुंजताना तो जखमी होतो आणि सर्वांची उपासमार होते. अभय दिलेल्यास मारणे निषिद्ध. म्हणून अनुचर आत्मार्पणाचा देखावा रचतात. कावळा अल्पकाय म्हणून नाकारला जातो. कोल्हा नखायुध, म्हणजे स्वजातीय, म्हणून अभक्ष्य, असा निर्वाळा बिबट्या देतो. मग बिबट्या स्वतः पुढे होतो, तेव्हा तोच नियम उंट उच्चारतो. बिबट्या वाचतो, नखे नसलेला उंट मात्र आपल्याच शब्दांनी उघडा पडतो. त्याने देह अर्पिताच कोल्हा व बिबट्या त्याच्या कुशी फाडतात.

‘हितोपदेशा’त बिबट्याच्या जागी वाघ येतो आणि सिंह स्वतःच प्रत्येकाला नकार देतो. त्यामुळे जातिनियमाचा हा पदर तेथे नाहीसा होतो. ‘पंचतंत्रा’त ही कथा संजीवक बैल सांगतो. तोही सिंहाच्या आश्रयास आलेला तृणभक्षक आहे. अभय व्यक्तीला मिळते, संरक्षण मात्र जातीला, हे त्याला उमगले आहे. तरीही शेवटी तो सिंहाकडूनच मारला जातो. या कथेचे सामाजिक मूल्य तिच्या नीतिबोधापेक्षा या जाणिवेत अधिक आहे, असे म्हणावे लागते.