नावाचा अर्थ कोण सांगतं?

मंडळी, बाळासाठी नावं सुचवणाऱ्या इंटरनेटवरच्या याद्या आपण सगळेच चाळतो. आज त्या जरा पुस्तक वाचावं तशा वाचू. पहिला रकाना नावाचा, दुसरा अर्थाचा. पहिल्यावरून घरात खल होतो, आत्या आणि मामी रुसतात. दुसऱ्यावर कुणी शंकाही घेत नाही. आमची तक्रार आहे ती या दुसऱ्या रकान्याबद्दल.

‘रेयांश’ घ्या. अर्थ दिलेला असतो, प्रकाशकिरणाचा अंश. आता ‘अंश’ संस्कृत खरा, पण किरण या अर्थाचा ‘रेय’ संस्कृतात नाही. इंग्रजीतला ‘रे’ मात्र आहे! असा जोडशब्द करायला आमची हरकत नाही, भाषा अशाही वाढतात. पण मग तसं सांगा ना. वर ‘संस्कृत नाव’ हा शिक्का कशाला?

‘कियारा’ची गोष्ट याहून मजेची. २०१० च्या ‘अंजाना अंजानी’ या चित्रपटातल्या नायिकेचं हे नाव. तेच पुढे आलिया अडवाणी या अभिनेत्रीने पडद्यासाठी घेतलं आणि ते घरोघरी गेलं. मूळ इटालियन धरलं तर अर्थ उजळ. आयरिश धरलं तर काळी, सावळी. म्हणजे अगदी उलट. यादीत गोड तेवढा अर्थ उरतो, दुसरा गुपचूप गळतो. (सावळ्या रंगाचं आपल्याला एवढं काय वावडं आहे, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) पुढे मुलगी शाळेत ‘माझं नाव’ या विषयावर चार ओळी लिहिते, तेव्हा ती यादीतलीच ओळ उतरवते. स्वतःबद्दलची तिला कळलेली पहिली गोष्टच कुणीतरी जुळवून दिलेली.

पूर्वी सगळं छान होतं, असं मात्र आम्हाला म्हणवत नाही. ज्या नावाचा अर्थ साऱ्या गावाला कोशाशिवाय कळायचा, असं एक नाव म्हणजे ‘नकुशा’. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावं मिळाली. त्यांतल्या कुणी ऐश्वर्या हे सिनेतारकेचं नाव घेतलं, कुणी वैशाली झाली. तेव्हा नाव सिनेमातून आलं हा काही दोष नव्हे. त्या मुलींना आपण काय टाकतोय आणि काय घेतोय, हे पक्कं ठाऊक होतं. यादीवरून नाव उचलणाऱ्या शिकल्यासवरल्या आईबापांना तेवढंच ठाऊक नसतं.

बरं, तपासणं अवघड आहे का? मोल्सवर्थचा मराठी कोश आणि मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश, दोन्ही त्याच इंटरनेटवर फुकट आहेत. आणि घाई तरी कुठे असते? जन्माची नोंद नावाशिवायही होते. पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, बारसं बाराव्या दिवशी उरकलं असलं तरी.