पोट आणि पाणी: दांडेकर-रथ यांच्या मांडणीविषयी

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचं ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ १९७१ साली आलं. त्यांनी दारिद्र्याची रेषा २,२५० उष्मांकांना बांधली. १९६०-६१च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये. सुमारे ४० टक्के ग्रामीण माणसं त्याखाली. जमीन वाटून हे भागणार नाही, तेवढी जमीनच नाही. म्हणून सरकारने मजुरीचं काम द्यावं, हे त्यांचं उत्तर. उत्तर प्रामाणिक आहे. आपली रोजगार हमी त्याच दिशेची.

आता हे पुस्तक घेऊन बारामती-इंदापूरला चला. नीरा डावा कालवा पोचतो तिथे ऊस, सुपे-मोरगावकडे जिरायत. इंदापुरात कालव्याच्या शेवटाची गावं आवर्तनाची वाट बघतात. इथे खरी मालमत्ता पाणी आहे, आणि त्याची वाटणी या मांडणीच्या कडेलाच राहते. पुढे १९८४च्या दांडेकर समितीने सिंचनाचा अनुशेष मोजला खरा, पण जिल्ह्याजिल्ह्यांमधला. तालुक्याच्या आतली दरी त्यात कशी दिसणार?

शेजारच्या पुरंदरात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी दिलं ते माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने. भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई. म्हणजे बघा, दांडेकर-रथ यांचा गरीब हा उपाशी माणूस आहे. साळुंखे यांचा गरीब हक्कदार आहे. मजुरीने पोट भरतं, आणि ते आधी भरलंच पाहिजे. पण पाणी कुणाला, हे ठरताना त्याला बोलता येतं का? विकास सर्वांचा आहे की नाही, हे मी त्यावरून ठरवीन.