सिनाईची विखुरलेली पाने

एकाच ग्रंथाची पाने चार देशांत विखुरली असतील, तर तो वाचावा कुणी आणि कोठे बसून? ‘कोडेक्स सिनायटिकस’ या ग्रीक बायबलाच्या अभ्यासकांना हा प्रश्न दीर्घकाळ छळीत होता. इ.स. चौथ्या शतकाच्या मध्यास चर्मपत्रावर लिहिलेल्या या हस्तलिखितात संपूर्ण नव्या कराराची सर्वांत जुनी प्रत आहे. त्याची ३४७ पाने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, ४३ लाइपझिग विद्यापीठात, १२ पाने व काही तुकडे सिनाईच्या संत कॅथरिन मठात, तर थोडे अवशेष सेंट पीटर्सबर्ग येथे आहेत. २००५ मध्ये या चार संस्थांनी करार केला आणि जुलै २००९ मध्ये सारी पाने इंटरनेटवर एकत्र आली.

नुसती छायाचित्रे मांडली असती, तर आम्ही त्यास सुबक दप्तर म्हटले असते. येथे प्रत्येक पानाशेजारी बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनी तयार केलेला प्रतिलेख आहे. त्यातील शब्दावर बोट ठेवावे, तो छायाचित्रात उजळून निघतो. विद्वानाचे वाचन बरोबर की चूक, हे कुणालाही ताडता येते.

या सोयीचे मोल लूककृत शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायात कळते. जपमाळेतील दुःखाच्या पहिल्या रहस्याच्या वेळी प्रभूला आलेला रक्तासारखा घाम आपल्या डोळ्यांपुढे येतो. मूळ लेखनिकाने ही वचने लिहिली. पुढे एका दुरुस्तीकाराने ती वगळावीत अशा खुणा केल्या. त्याच्या नंतरच्याने त्या खुणा रद्द केल्या. छापील बायबलात हे सारे एका तळटीपेत मावते, बहुधा तेवढीही जागा त्यास मिळत नाही. येथे मात्र प्रत्येक हात वेगळा नोंदविला आहे. अशा दुरुस्त्या या ग्रंथात हजारोंनी आहेत. भाविकाने त्या पाहून बिचकावे, असे आम्हांस वाटत नाही. एकेका ओळीसाठी इतकी घालमेल निष्काळजी माणसे करीत नाहीत.

जर्मनीतील म्युन्स्टर येथील संस्थेने हीच वाट पुढे नेली. तिच्या आभासी हस्तलिखित कक्षात निरनिराळ्या देशांतील अभ्यासक नव्या कराराच्या हस्तलिखितांचे प्रतिलेख करतात. दोघांनी स्वतंत्रपणे लिहावे, संगणकाने फरक दाखवावा, मग त्याचा निवाडा करावा, ही या क्षेत्रातली रीत. एकट्या पंडिताच्या थकलेल्या डोळ्यांपेक्षा ती निश्चितच भरवशाची.

उणिवा आहेत. सिनायटिकसचे इंग्रजी भाषांतर निवडक पुस्तकांपुरतेच आहे. ग्रीक न जाणणारा वाचक उंबरठ्यावरच राहतो. आमचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. १८५९ मध्ये टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताने ही ३४७ पाने मठातून नेली, ती मागताच परत करण्याची लेखी पावती देऊन. १८६९ मध्ये झारच्या नावे दानपत्र झाले आणि १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने ती ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकली. चौघांनी मिळून मान्य केलेल्या निवेदनात, माहिती अपुरी असल्याने मतभेदास जागा आहे, असे नमूद करून सर्वांचा मान राखला आहे. सहकार्य टिकावे म्हणून ते आवश्यकही असेल. पण ज्या संपादकांनी दुरुस्तीकारांचे हात वेगळे ओळखले, त्यांनी या व्यवहारातील प्रत्येक पक्षाचे म्हणणेही त्याच्या नावानिशी वेगळे मांडावयास हवे होते. मठाचे म्हणणे तर सर्वांत आधी.